बडोदे ते न्यूयॉर्क : अंतर सव्वाबारा हजार किलोमीटर, मग प्रवासाला तीस तास का लागतात?

सुरसागरकाठ

नमस्कार. माझे आई-बाबा येत्या मे महिन्यात आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी जात आहेत. धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो आणि त्याच्याकडे तीन महिने राहायचे ठरले आहे. बाबांचे वय बहात्तर आहे, आईला मधुमेह आहे, आणि दोघांनाही विमानाचा अनुभव म्हणजे एकदा दिल्लीला जाऊन आल्याचा, तेवढाच.

माझा गोंधळ असा आहे. शहरांमधले हवाई अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर मी वडोदरा आणि न्यूयॉर्क ही नावे घातली, तेव्हा अंतर सुमारे १२,२२५ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ सुमारे १४ तास असे उत्तर आले. ते वाचून बाबा म्हणाले, "म्हणजे रात्री बसलो की दुपारी पोचलो." पण तिकिटे शोधायला बसले, तर कुठे २२ तास, कुठे २६, आणि सर्वांत स्वस्त तिकिटाला २९ तास ४० मिनिटे. हे चौदा तास कोणाचे आणि हे तीस तास कोणाचे? शिवाय निघण्याची आणि पोचण्याची तारीख एकच दिसते, त्यामुळे वजाबाकी कशी करायची तेही समजत नाही. इथल्या पुष्कळ जणांची मुले तिकडे आहेत, म्हणून विचारते. कृपया मुळापासून समजावून सांगावे.

भूगोलशिक्षक_निवृत्त

ताई, प्रश्न नेमका विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संकेतस्थळाने दिलेला आकडा चुकीचा नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या दोन ठिकाणांतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा तुकडा. विषुववृत्तासारखे, पृथ्वीचे दोन समान भाग करणारे वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर त्रिज्या एवढ्यावर हे अंतर निघते. मी स्वतः गणित करून पाहिले आणि माझेही उत्तर १२,२२५च्या आसपासच आले. पुढे संकेतस्थळ काय करते, तर त्या अंतराला ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर अशा एखाद्या सरासरी वेगाने भागते आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवते. त्यातून चौदा तास येतात. हा हिशेब अशा विमानाचा आहे की जे बडोद्याच्या हरणी विमानतळाच्या धावपट्टीवरून उठेल, वाटेत वारा नसेल, कोणत्याही देशाची हद्द त्याला आडवी येणार नाही, आणि ते थेट न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरेल. असे विमान नाही. बडोद्याहून अमेरिकेला थेट सेवाच नाही.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर बाबांना एक प्रयोग अवश्य करून दाखवा. उत्तरायणातला पतंगाचा उरलेला दोरा घ्या, एक टोक बडोद्यावर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून ताणा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर सुमारे एकोणतीस सेंटिमीटर दोरा लागेल. भिंतीवरचा नकाशा पाहून आपल्याला वाटते की विमान अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक असे सरळ पश्चिमेला जात असेल, परंतु ताणलेला दोरा राजस्थानावरून वायव्येला चढत मध्य आशिया, रशिया आणि स्कँडिनेव्हियाचा उत्तर भाग ओलांडून जवळजवळ ६६ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या उंबरठ्यापर्यंत जातो आणि मग ग्रीनलंडच्या दक्षिणेकडून कॅनडात उतरतो. बडोद्याहून निघताना त्याची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे फक्त २६ अंश कललेली असते. मर्केटरने १५६९ साली जी नकाशाची पद्धत दिली, तिच्यात ध्रुवांकडचे प्रदेश फार ताणले जातात, त्यामुळे हा जवळचा मार्ग कागदावर उगाच वळसा घेतल्यासारखा दिसतो. वर्गात दरवर्षी मी हा दोरा ताणत असे, आणि दरवर्षी मुलांचा त्यावर विश्वास बसायला वेळ लागे.

हरणीरोड

तारखेच्या गोंधळाबद्दल थोडक्यात लिहितो. मे महिन्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात, म्हणून हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. पोचण्याच्या वेळेत साडेनऊ तास मिळवून ती भारतीय वेळ करून घ्यावी आणि मगच वजाबाकी करावी. उदाहरणार्थ, दिल्लीहून पहाटे अडीचला निघून न्यूयॉर्कला सकाळी नऊला पोचणारे विमान पाहिले, तर तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि म्हणून प्रवास साडेसहा तासांचा नसून सोळा तासांचा आहे.

भूगोलशिक्षक_निवृत्त

अगदी बरोबर. यात एक गंमतीची गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. बडोद्याचे रेखांश सुमारे ७३.२ पूर्व आहेत आणि केनेडी विमानतळाचे सुमारे ७३.८ पश्चिम. ग्रिनिचच्या दोन्ही बाजूंना आपण जवळजवळ सारख्याच अंतरावर आहोत. मधले १४७ अंश, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने फरक नऊ तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा होतो. घड्याळाचा फरक त्याहून वेगळा पडतो याचे एक कारण असे की आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेची आहे आणि बडोद्याचा सूर्य तिच्या सदतीस मिनिटे मागे चालतो.

उड्डाणपत्रक

मी मूळचा बाबाजीपुऱ्यातला. गेली बरीच वर्षे लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे नियोजन करण्याचे काम करतो, म्हणजे वैमानिकाच्या हाती जो मार्ग आणि इंधनाचा हिशेब दिला जातो, तो तयार करणाऱ्यांपैकी मी एक आहे. सरांनी दोरा ताणून दाखवला. तो दोरा प्रत्यक्षात का वाकतो, ते मी सांगतो.

पहिले कारण वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वारे असतात. त्यांना आम्ही जेट स्ट्रीम म्हणतो आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांना झोतवारे म्हटले आहे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून त्यांची मोजणी केली होती, पण त्यांचा अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत असल्यामुळे जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. हिवाळ्यात हे वारे ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातात. अमेरिकेला जाताना ते समोरून लागतात आणि येताना पाठीशी असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे एक विमान अशाच वाऱ्यावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले होते, आणि एरवी त्याच मार्गाला साडेसहा-सात तास धरतात. त्यामुळे दिल्ली-न्यूयॉर्क प्रवासाला जाताना पंधरा-सोळा तास आणि येताना चौदा तास किंवा त्याहूनही कमी, असे वेळापत्रक दिसले तर ती छपाईची चूक समजू नये.

इथे पुष्कळांना वाटते की जाताना गमावलेला वेळ येताना पूर्ण परत मिळतो. तो मिळत नाही. अंतर १२,६०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ९०० धरला, तर वारा नसताना जाऊन-येऊन २८ तास होतात. आता शंभरचा वारा धरा. जाताना ८०० च्या वेगाने पावणेसोळा तास लागतील आणि येताना १,००० च्या वेगाने बारा तास छत्तीस मिनिटे. बेरीज २८ तास २१ मिनिटे होते, कारण विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो.

दुसरे कारण आकाशाच्या हद्दी, आणि हे कारण अलीकडच्या वर्षांत वाऱ्याहून मोठे झाले आहे. २०१९ मध्ये फेब्रुवारी अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द आपल्याला बंद होती. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद झाली. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेला गुजरातच्या बाजूने खाली येऊन अरबी समुद्रावरून जावे लागले, आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना मिटले, पण भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले. म्हणजे दोन विमाने एकाच गावाहून त्याच गावाला निघतात आणि शेपटीवरचा झेंडा वेगळा म्हणून त्यांचे रस्ते वेगळे होतात. ताई, तिकीट घेताना त्या आठवड्यातले प्रत्यक्ष उड्डाण किती तासांचे चालले आहे, वाटेत तांत्रिक थांबा आहे का, हे विमानाचा क्रमांक घालून आवर्जून पाहावे. सहा महिन्यांपूर्वी कोणी काय सांगितले त्यावर जाऊ नये.

तिसरे कारण इंधन. बोइंग ७७७-३००ईआर सारखे मोठे विमान ताशी साधारण साडेसात टन इंधन जाळते. वळशामुळे एक तास वाढला की तेवढे इंधन जास्त घ्यावे लागते, आणि ते जास्तीचे ओझे वाहून नेण्यासाठी पुन्हा थोडे इंधन लागते. त्यामुळे आमच्यासाठी सर्वांत जवळचा मार्ग आणि सर्वांत चांगला मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅनफ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा हजाराहून अधिक किलोमीटर लांब, तरीही पाठीवरच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचले. लांबची वाट लवकर पोचवते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सुरसागरकाठ

आपण दोघांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. काल संध्याकाळी बाबांसमोर गोल ठेवून दोरा ताणला. ते बराच वेळ तो दोरा कुठून जातो ते पाहत बसले आणि मग म्हणाले, "ग्रीनलंड खिडकीतून दिसेल का?"

आता माझा पुढचा प्रश्न. मला तीन मार्ग दिसतात : बडोद्याहून दिल्लीमार्गे, बडोद्याहून मुंबईमार्गे, आणि गाडीने अहमदाबादला जाऊन तिथून दोहा किंवा दुबईमार्गे. नकाशावर पाहिले तर आखातात जाणे मला मोठा वळसा वाटतो. तो खरेच तसा आहे का?

भूगोलशिक्षक_निवृत्त

मोजून पाहिले. बडोदे-दिल्ली सुमारे ७९५ आणि दिल्ली-न्यूयॉर्क सुमारे ११,७६० मिळून साडेबारा हजारांच्या किंचित वर. मुंबईमार्गे ३६० अधिक १२,५४०, म्हणजे सुमारे १२,९००. अहमदाबाद-दोहा-न्यूयॉर्क हेही सुमारे १२,९००, आणि दुबईमार्गे जवळपास १२,८००. सर्वांत जवळच्या आणि सर्वांत लांबच्या मार्गात साडेतीनशे किलोमीटरांचा फरक आहे, म्हणजे विमानाला अर्ध्या तासाहूनही कमी. आखाताचा वळसा आपल्याला वाटतो तेवढा नाही. तीस तासांचे कोडे अंतरात शोधू नका.

दांडियाबाजार

सरांच्या या वाक्याला मी अनुभवाची जोड देते. मी आणि आमचे हे गेल्या आठ वर्षांत चार वेळा मुलीकडे जाऊन आलो. तास खातो तो मधला थांबा. पहिल्या वेळी आम्ही तिकिटाच्या पैशांकडे पाहिले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे घेतली. बडोद्याचे विमान पाऊण तास उशिरा सुटले. मोठ्या शहरात उतरल्यावर सामान आम्हालाच पट्ट्यावरून घ्यावे लागले, दुसऱ्या इमारतीत न्यावे लागले, आणि तिथे पोचलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. पुढच्या कंपनीने सांगितले की आधीच्या विमानाशी आमचा संबंध नाही. तिकिटाचे पैसे गेले, नवे तिकीट काढावे लागले, आणि ती रात्र आम्ही दोघांनी खुर्चीवर बसून काढली. आमच्या ह्यांचे गुडघे तेव्हापासून प्रवासाचे नाव काढले की दुखतात.

म्हणून ताई, माझे कळकळीचे सांगणे असे की बडोद्यापासून न्यूयॉर्कपर्यंत सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. मग सामान शेवटच्या गावापर्यंत जाते आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. मधला थांबा दीड तासाचा असेल तर तो घेऊ नका, वयस्कर माणसांची तारांबळ होते. अकरा तासांचाही घेऊ नका. तीन ते साडेचार तास मला योग्य वाटतात. दोघांसाठीही चाकांच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवून ठेवा. चालता येत असले तरी मागा. मोठ्या विमानतळांवर एक एक किलोमीटर चालावे लागते, आणि खुर्ची ढकलणारा माणूस सगळ्या खिडक्यांवर बरोबर असतो, ही नवख्या माणसाला फार मोठी सोय असते.

आणखी एक. तास मोजायचेच असतील तर घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मोजा. संकेतस्थळ अहमदाबादहून निघाल्यापासून वीस तास दाखवते, परंतु पहाटे सव्वाचारचे विमान असेल तर सव्वाएकला तिथे हजर व्हायचे, म्हणजे रात्री पावणेअकरालाच दांडिया बाजारातून गाडी निघायला हवी. ते साडेपाच तास कोणत्याही तिकिटावर छापलेले नसतात, आणि ते ऐन झोपेच्या वेळचे असतात. उतरल्यावर प्रवेश तपासणी, सामान आणि भावाच्या घरापर्यंतचा रस्ता धरून आणखी तीन तास सहज जातात.

उड्डाणपत्रक

काकूंचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. त्यात एवढीच भर घालतो की वेळापत्रकात छापलेला वेळ म्हणजे हवेतला वेळ नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो. न्यूयॉर्कसारख्या गर्दीच्या ठिकाणी धावपट्टीकडे जाण्यातच अर्धा तास जातो. आखातातल्या विमानतळांपैकी अबुधाबीला अमेरिकेची प्रवेश तपासणी तिथेच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग लागत नाही. मात्र त्यासाठी अबुधाबीचा थांबा पुरेसा मोठा हवा.

डॉक्टर_मांजलपूर

आईंना मधुमेह आहे असे वाचले, म्हणून लिहितो. वेळेच्या फरकाचा खरा प्रश्न औषधांच्या बाबतीत येतो. पश्चिमेकडे जाताना मे महिन्यात तुमचा तो दिवस चोवीस तासांऐवजी साडेतेहतीस तासांचा होतो आणि परत येताना एक दिवस साडेचौदा तासांचा होतो. घड्याळ पाहून गोळी घेतली तर जाताना दोन गोळ्यांमध्ये फार अंतर पडते आणि येताना त्या एकमेकींवर येतात. इन्सुलिन असेल तर हा बदल आणखी नाजूक असतो. नेहमीच्या डॉक्टरांना विमानाचे पूर्ण वेळापत्रक भारतीय वेळेत लिहून दाखवा आणि कोणती मात्रा केव्हा घ्यायची हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. औषधे आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत अजिबात नको.

चार तासांहून लांब बैठ्या प्रवासानंतर पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालात नोंदले आहे. निरोगी माणसात हा धोका सुमारे सहा हजारांत एक एवढाच असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नये, पण जागे असताना दर दीड-दोन तासांनी उठून चालावे, घोटे हलवत राहावे आणि पाणी पीत राहावे. दोघांनाही आतल्या बाजूची, म्हणजे वाटेलगतची आसने घ्या. खिडकीजवळचा माणूस संकोचाने उठत नाही, हे मी माझ्या रुग्णांत वारंवार पाहिले आहे.

सुरसागरकाठ

बाबांना ग्रीनलंड पाहायचे आहे, आणि डॉक्टर म्हणतात वाटेलगतची जागा घ्या. हा प्रश्न आता घरातच सोडवावा लागेल.

भूगोलशिक्षक_निवृत्त

विमानाच्या मागच्या भागात दारापाशी उभे राहून बाहेर पाहता येते. पाय मोकळे करायला उठायचेच आहे, तेव्हा तिथपर्यंत चालत जावे. दोन्ही कामे होतील. शिवाय समोरच्या पडद्यावर विमान कुठे आहे हे दिसते, उंची, वेग आणि वाराही दिसतो. त्यांना वेळ कसा गेला ते कळणार नाही.

आपल्या बडोद्यापुरते सांगायचे, तर १९१० साली सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयांच्या कामासाठी बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावले, तेव्हा ते आले ते समुद्रमार्गे. त्याही आधी आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. एअर इंडियाची मुंबई-न्यूयॉर्क सेवा १९६० सालच्या मे महिन्यात सुरू झाली तीही वाटेत थांबे घेत. बाबांना हे सांगा, त्यांना आवडेल.

सुरसागरकाठ

आपणा सर्वांच्या सूचनांवरून शेवटी ठरवले ते कळवते. एकाच तिकिटावर बडोदे-दिल्ली-न्यूयॉर्क. बडोद्याहून संध्याकाळी साडेआठला निघायचे, दिल्लीत चार तास वीस मिनिटांचा थांबा, आणि पहाटे अडीचला पुढचे विमान. त्या क्रमांकाच्या विमानाची मागच्या दोन आठवड्यांची उड्डाणे पाहिली, रोज सोळा तासांच्या आसपास लागलेले दिसले, वाटेत थांबा नव्हता. अहमदाबादचा मार्ग तिकिटापुरता अडीच हजार रुपयांनी स्वस्त होता, पण मध्यरात्रीचा रस्ता आणि गाडीचे भाडे धरले तर ते पैसे उरत नाहीत. आमच्या घरापासून हरणीला वीस मिनिटे लागतात. साडेसहाला निघाले तरी पुरे.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब बाबांनी स्वतः वहीत मांडला आहे : घरून निघाल्यापासून न्यूयॉर्कला विमान टेकेपर्यंत चोवीस तास, आणि भावाच्या घरी पोचेपर्यंत सत्तावीस. चाकांच्या दोन खुर्च्या नोंदवल्या आहेत. आईच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे, आणि वेळापत्रक दोन्ही घड्याळांप्रमाणे लिहून तयार आहे.

दांडियाबाजार

छान ठरवलेत. दिल्लीला उतरल्यावर आईंना काहीतरी खायला द्या, पुढच्या विमानात जेवण यायला दीड-दोन तास लागतात. आणि पोचल्याचा निरोप इथे अवश्य लिहा.